सदर दोन्ही नावे

फोटोवाला म्हणाला, कान दिसू देत, दात नकोत.
भांडुपच्या त्या दुकानात पांढऱ्या पडद्यापुढे
सहा वेळा माझं न हसणं बिघडलं,
सातव्यांदा जमलं,
आणि प्रिंट हातात घेऊन आई म्हणाली, ही कोण?

फाइल निळी.
आत पतपेढीचं पासबुक, मोडलेल्या एफडीची पावती,
नर्सिंगच्या मार्कशीटा, बाबांचा मृत्यूचा दाखला
(तीन प्रती. कुठे लागेल सांगता येत नाही).
जर्मनचं सर्टिफिकेट सर्वांत वर.
त्याच्यापायी वर्षभर आमच्या डब्यांवर, दारावर, मिक्सरवर
चिठ्ठ्या होत्या, त्या आई अजून काढू देत नाही.
तिकडे मुलगी नपुंसकलिंगी असते, मी तिला सांगितलं होतं.
ती कणीक तिंबत होती.
म्हणाली, त्यात काय, आपल्याकडेही विचारतातच,
पोरगं कुठं उलथलं?

मग कागद तपासणाऱ्या मुलीने पेन आपटलं:
जन्मदाखल्यावर आई हंसा,
पासपोर्टवर आई अपर्णा.
दोन आया आहेत का तुम्हाला?

माझा जन्म आजोळचा. चेंबूरचं प्रसूतिगृह,
खिडकीवर आजोबा उभे.
आईचं नाव? कारकुनाने विचारलं.
त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं.
दुसरं नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही.

आणि दुसरं नाव कुठून आलं, तर
ताटभर तांदळातून.
बाबांनी अंगठीने लिहिलं, बायकांनी वाकून वाचलं,
पेढे वाटले,
आणि रात्री कुणीतरी ते ताट
हलवून सारखं केलं.
त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला, आई सांगते.
चांगला मोकळा झाला होता.

तुला कुणी विचारलं होतं का गं,
जाण्याचा हेतू काय, किती दिवस राहणार,
परत येणार कशावरून?

हे मी तिला विचारलं नाही.
हे तीच मला विचारत होती,
रोज रात्री जेवणं झाल्यावर, चष्मा लावून,
स्टुलावर ताठ बसून,
मी देवनागरीत लिहून दिलेल्या प्रश्नांचा कागद धरून.
शेवटच्या प्रश्नाला मी पाठ केलेलं उत्तर देते:
माझी आई इथे आहे.
ती कागदावर खूण करते. बरोबर.
म्हणते, जरा सावकाश बोल, खरं वाटलं पाहिजे.

कोर्टात जायच्या आदल्या रात्री
लाइटबिलाच्या पाठीवर
ती काहीतरी गिरवत होती.
मी पाणी प्यायला उठले तेव्हा तिने बिल उलटं केलं,
जशी मी दहावीत वही उलटी करायचे.

बांद्रा कोर्टाबाहेर छत्रीखाली टायपिस्ट.
पाचशेचा स्टॅम्प, शिवाय त्याचे वेगळे.
मी खाली सही करणार शपथेवर लिहून देते की
सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
वाचून घ्या मावशी, तो म्हणाला.
आईने वाचलं. परत वाचलं.
मीच आहे, ती म्हणाली. त्याला नाही, कागदालाच.

दोन्ही सह्या करा.
अपर्णा खोपकर तिने झर्रकन केली,
बँकेत, शाळेत, इस्पितळात करायची तशी.
मग थांबली. पेन झटकलं.
हंसा लोटणकर लिहायला तिला
एक रिक्षा वळून जाईल एवढा वेळ लागला.
अक्षर गोल, आठवीतल्या मुलीचं.
खाली हौसेने रेघ.
रेघ नको मॅडम, नोटरी म्हणाला, पण शिक्का मारला.

परतताना ती पुढे, फाइल छातीशी.
कलानगरच्या सिग्नलला मी मागून हाक मारली,
हंसा.
ती चालत राहिली.
दहाएक पावलं गेल्यावर थबकून वळली,
काय गं?

काही नाही, म्हणाले.
विम्याचा कागद राहिलाय अजून.